धुऱ्यावरचा रेडिओ

चिचगडहून निघून देवरीला पोचलं की मोठा रस्ता लागतो. डावीकडे वळलं की नागपूर, उजवीकडे वळलं की रायपूर. देवरी त्या रस्त्याच्या जवळजवळ मधोमध पडते. रेडिओच्या पट्टीवरही आम्ही असेच मधोमध होतो. काटा एका अंगाला नेला की नागपूर, दुसऱ्या अंगाला नेला की रायपूर. रात्र झाली की दूरदूरची केंद्रं लागायची, कारण मध्यम लहरी रात्री वर आकाशात आपटून लांब जाऊन पडतात. दिवसा मात्र दोनच. या दोघांनी माझ्या पिढीचे कान घडवले.

आता मी साठी ओलांडली. शेतकऱ्याला चुरणा झाल्यावर हिशेब मांडायची सवय असते. किती खंडी धान झालं, बियाणं किती गेलं, रोवण्याची मजुरी किती गेली, घरात काय उरलं. तसा मला रेडिओचा हिशेब मांडायचा आहे. नावं ठेवायची म्हणून बसलो नाही. रेडिओवर माझा जीव होता, अजूनही आहे. पण जीव असलेल्या माणसाचाच हिशेब नीट ठेवावा लागतो, नाही तर शेवटी भांडण होतं.

आमच्या घरी रेडिओ आला १९७१ साली, दिवाळीनंतर. मी अकरा वर्षांचा होतो. बाबांनी हलकं धान विकून मर्फी घेतला. तेव्हा परवाना लागायचा. पोस्टात त्याचं छोटं पुस्तक मिळे, दरसाल पैसे भरले की तिकीट चिकटवून त्यावर ठप्पा मारून देत. १९८० नंतर काही वर्षांत ती पद्धत गेली. छपरीच्या दोन खांबांमध्ये जाळीची एरियल ताणली, आणि डिसेंबरात लढाई लागली. अर्धं गाव आमच्या छपरीत येऊन बसायचं. ढाक्याची बातमी आली त्या दिवशी कोणीतरी गुळाची भेली फोडली. ज्या माणसांनी भंडारासुद्धा बघितलं नव्हतं ती ढाक्यावर बोलत होती. रेडिओने आम्हांला काय दिलं असं कोणी विचारलं तर मला आधी हीच गोष्ट आठवते.

दुसरं दिलं ते शेतीचं. आय. आर. ८, जया ही धानाची नावं आम्ही संध्याकाळच्या शेतीच्या कार्यक्रमात ऐकली, कृषी सहायक गावात यायच्या आधी. तमिळनाडूत तंजावरकडे एका धानाच्या वाणाला लोक ‘रेडिओ धान’च म्हणत, कारण त्याची माहिती रेडिओवरून आली होती. आपल्याकडे १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत एक प्रयोग केला होता. गावकऱ्यांनी एकत्र बसायचं, कार्यक्रम ऐकायचा, त्यावर बोलायचं, मग काय करायचं ते ठरवायचं, आणि शंका असली तर केंद्राला लिहून कळवायची. शेतीच्या बाबतीत सरकारला तेव्हाच कळलं होतं की गावाला नुसतं ऐकवून भागत नाही, गावाचं ऐकावंही लागतं. गाण्याच्या बाबतीत हे का कळलं नाही, हा माझा सवाल आहे. हा लेख त्यासाठीच लिहितो आहे.

थोडा इतिहास सांगतो. आकाशवाणीचं नागपूर केंद्र सुरू झालं १६ जुलै १९४८ ला. त्या वेळी नागपूर ही मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी. प्रांत दोन भाषांचा, मराठी आणि हिंदी. रायपूर, दुर्ग, बिलासपूर त्याच प्रांतात. म्हणजे बघा, आमचं चिचगड तेव्हा सीमेवर नव्हतंच, प्रांताच्या पोटात होतं. १९५३ साली देशात प्रादेशिक बातम्या सुरू झाल्या त्या लखनौ आणि नागपूर या दोन ठिकाणांहून. एवढा मान त्या केंद्राला होता. मग १९५६ ची राज्यपुनर्रचना आली. छत्तीसगड मध्यप्रदेशात राहिलं, आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्रात. आमच्या घराच्या पूर्वेला काही कोसांवर रेघ पडली. माणसं तीच, सोयरिकी त्याच, बाजार तेच. रेघ पडल्यावर पलीकडच्यांना त्यांचं केंद्र मिळालं, रायपूर, २ ऑक्टोबर १९६३ ला.

आता गाण्याकडे येतो.

स्वातंत्र्यानंतरच्या आकाशवाणीवर एका मराठी माणसाची मोठी छाप आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. १९५२ ते १९६२ ते माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीतावर त्यांची भक्ती. लोकांचे कान सुधारावेत ही त्यांची तळमळ खरी होती. त्यांनी सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार केली. लोक काय कान सुधारत बसतात? त्यांनी काटा फिरवला आणि सिलोन लावलं. तिथे १९५२ पासून अमीन सायानींची बिनाका गीतमाला लागत होती. शेवटी सरकारलाच ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावी लागली. ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पण गावाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे, ती पेटीची. हार्मोनियमवर आकाशवाणीने १९४० सालीच बंदी घातली होती. कारण काय, तर पेटीचे सूर बांधलेले, त्यातून मींड निघत नाही, भारतीय संगीताला ते वाद्य शोभत नाही. १९७०च्या सुमारास ती बंदी थोडी सैल झाली. म्हणजे तीस वर्षं.

मोठ्या गवयाला साथीला सारंगी मिळायची. आमच्या खडी गंमतवाल्याला, दंडारवाल्याला, भजन मंडळाला पेटीशिवाय दुसरं काय होतं? ढोलकी, डफ, टाळ आणि पेटी. गावातली पेटी म्हणजे भाता फुटलेला, दोन पट्ट्या दबून बसलेल्या, पण तिच्या सुरावर सगळं गाव उभं राहायचं. कुठल्या तरी जाणत्याने ठरवलं की हे वाद्य शास्त्रात बसत नाही, आणि तीस वर्षं देशभरची पेटी केंद्राच्या दाराबाहेर राहिली. ज्याने ठरवलं त्याच्या डोळ्यासमोर बैठकीतलं गाणं होतं. मंडईतलं गाणं त्याच्या डोळ्यासमोर आलंच नसेल. मी त्याला दोष देत नाही. पण नियम करणाऱ्याच्या डोळ्यासमोर कोण आहे आणि कोण नाही, हे बघितल्याशिवाय नियमाची परीक्षा होत नाही.

आकाशवाणीवर ‘लोकगीत’ नावाची एक वस्तू तयार झाली. ती मी वर्षानुवर्षं ऐकली. शाहीर साबळे, विठ्ठल उमप यांचे आवाज मी रेडिओवरच पहिल्यांदा ऐकले आणि त्या आवाजांपुढे मी आजही हात जोडतो. पण सगळीच लोकगीतं त्या तोलाची नसायची. बरीचशी अशी असायची की स्वच्छ धुतलेला आवाज, तीन-चार मिनिटांचं माप, मागे बासरी, आणि शब्द पुस्तकातले. गावाकडचं वाटावं म्हणून मधेच एक ‘गं बाई’. ऐकायला गोड. पण शिजवलेल्या भातावरून धानाचा वाण ओळखू येऊ नये, तसं ते गाणं कुठल्या गावचं ते कळायचं नाही.

माझ्या मते त्यात तीन गोष्टी हरवत. पहिली वेळ. आमची खडी गंमत रात्रभर चालते. एक शाहीर तुऱ्याचा, एक कलगीचा. सवाल टाकला की जवाब यायला अर्धी रात्र जाते, मधे नाच्या नाचतो, म्हातारे पेंगतात, पोट्टे शिट्ट्या मारतात. ते चार मिनिटांत बसवलं की नुसता सवाल उरतो. दुसरी भाषा. आमच्या झाडीपट्टीच्या बोलीत ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही. पाणी नाही तर पानी, डोळा नाही तर डोरा. मराठी म्हणजे एकच, पुण्याची, असं शाळेत शिकवलं आणि रेडिओने त्यावर ठप्पा मारला. तिसरी गोष्ट कामाची. दळणाचं गाणं जात्याशिवाय, रोवण्याचं गाणं चिखलाशिवाय. त्याबद्दल पुढे सांगतो, कारण त्यात माझाच गुन्हा आहे.

भाषेच्या बाबतीत रायपूर वेगळं होतं. तिथे ‘चौपाल’ लागायचं. बरसाती भैया नावाने एक निवेदक छत्तीसगढीत बोलायचे, घरच्या माणसासारखे. शेतकऱ्याशी त्याच्याच बोलीत बोललं तर कार्यक्रमाचा दर्जा कमी होतो, असं त्यांना वाटत नसे. १९७१ साली दुर्गजवळच्या बघेरा गावच्या दाऊ रामचंद्र देशमुखांनी ‘चंदैनी गोंदा’ नावाची मंडळी उभी केली. खुमान साव यांचं संगीत, लक्ष्मण मस्तुरिया यांची गाणी, भैयालाल हेडाऊ यांच्यासारखे गवय्ये. ती गाणी रायपूर केंद्राने घरोघर पोचवली. त्यातली पेटीसुद्धा गावाकडचीच वाटायची. हेच हेडाऊ पुढे १९८१ साली सत्यजित राय यांच्या ‘सद्गती’मध्येही दिसले. छत्तीसगडचं राज्य २००० साली झालं. पण त्याच्या आधी तीस वर्षं त्या लोकांना ‘आपण एक आहोत’ असं त्यांच्या गाण्यांनी सांगितलं होतं, आणि ती गाणी रेडिओवर होती. आमच्या चिचगडात मराठी शाळेत शिकलेली पोरं रायपूरची गाणी तोंडपाठ म्हणायची. मास्तर रागवायचे, म्हणायचे आपलं केंद्र लावत जा. पण आपलं म्हणजे काय? आमच्या तोंडची बोली नागपूरच्या पुस्तकी मराठीपेक्षा त्या गाण्यांच्या जवळ पडायची, म्हणून काटा आपोआप पूर्वेला सरकायचा.

तरी रायपूरलाही मी पैकीच्या पैकी गुण देणार नाही. आमच्या शेजारी गोंड वस्ती. त्यांची रेल्याची गाणी आमच्या कानावर रात्री ढोलाबरोबर यायची. ती ना पश्चिमेच्या लोकगीतांत मला ऐकू आली, ना पूर्वेच्या. जगदलपूर केंद्रावरून हलबी आणि गोंडीत कार्यक्रम होत, पण ते केंद्र आमच्यापासून फार दूर. बोलीला मान द्या म्हणणारा माणूसही आपल्यापेक्षा लहान बोलीला विसरतो. मीही विसरलो होतो. ह्या लेखाचा पहिला खर्डा केला तेव्हा त्यात गोंडीचं नावच नव्हतं. एका गोंड मित्राला वाचून दाखवला तेव्हा तो एवढंच म्हणाला, “आमचा ढोल तुले आयकू नाई आला का गा?”

आता एक घरची गोष्ट. माझे मोठेबा खडी गंमतचे शाहीर होते. १९८२ च्या आसपास त्यांची मंडळी एका रेडिओ केंद्रात गाऊन आली. कोणतं ते सांगत नाही. माणसं चांगली होती, त्यांनी चहा पाजला, जाण्यायेण्याचा खर्च दिला. आधी आवाजाची परीक्षा झाली. आकाशवाणीत कलावंतांना बी, बी-हाय, ए अशा श्रेणी असतात. मोठेबांना आधी वाटलं ही शाळेसारखी परीक्षा आहे, म्हणून ते दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून गेले. पास झाले. मग ध्वनिमुद्रणाच्या दिवशी त्यांना सांगितलं की गाणं साडेचार मिनिटांत बसवा, आणि एवढे शब्द जरा शुद्ध करा. गाण्यात ‘डोरा’ होता, खालच्या ओळीत ‘तोरा’ होता. ‘डोरा’चा ‘डोळा’ केला आणि यमक मोडलं. शाहिराचं यमक मोडणं म्हणजे चालत्या गाडीची खीळ काढणं. पण मोठेबांनी ऐकलं. एवढ्या मोठ्या इमारतीत कोण वाद घालतो?

प्रसारणाच्या दिवशी गाव आमच्या छपरीत जमलं. निवेदिकेने मोठेबांचं नाव घेतलं तेव्हा पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. गाणं लागलं. सगळे गप्प. गाणं संपलं तरी गप्प. माझी माय हळूच म्हणाली, “हा मोठेबाचा आवाज नोहे, बाबू.” आवाज त्यांचाच होता. पण ते ज्या आवाजात मंडईत दोन हजार माणसांना जागं ठेवायचे तो आवाज काचेच्या खोलीत कोणासाठी काढणार? समोर माणूस नाही, जवाब देणारा शाहीर नाही.

गोष्ट इथे संपवली तर ती रेडिओवर अन्याय करणारी होईल. केंद्राचं करारपत्र मोठेबांनी काच लावून भिंतीवर टांगलं. चेक आला तो वठवायला ते तीन वेळा देवरीला गेले, पण हसत गेले. ज्या लोकांनी त्यांना जन्मभर ‘तमाशात नाचणारा’ म्हणून हिणवलं तेच लोक त्यांना ‘रेडिओवाले शाहीर’ म्हणू लागले. त्यांच्या पोराला सोयरीक आली तेव्हा पाहुण्यांना आधी ते पत्र दाखवलं. म्हणून मी त्या केंद्राला वाईट म्हणू शकत नाही. त्याने माणसाला मान दिला आणि गाण्याचा मान घेतला. दोन्ही खरं आहे.

आता माझा गुन्हा.

१९७७ साली मी दहावी पास झालो. पुढे शिकायची ऐपत नव्हती, शेतीत आलो. दोन वर्षांनी तेंदूपत्त्याच्या हंगामात फळीवर काम करून पैसे जमवले आणि चामड्याच्या पिशवीतला छोटा ट्रान्झिस्टर घेतला. त्या वर्षी रोवण्याला मी तो बांधीवर नेला आणि धुऱ्यावरच्या मोहाच्या फांदीला अडकवला.

रोवणा ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगतो. बांधीत घोट्यावर चिखल, पंधरा-वीस बाया एका ओळीत वाकलेल्या, डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी, उजव्या हाताने चिमूट चिमूट लावत मागे मागे सरकायचं. एकीने गाणं उचलायचं, बाकीच्यांनी झेलायचं. हात त्या ठेक्यावर चालायचे. त्या गाण्यात देव असायचा, सासू असायची, पाऊस असायचा आणि मालकही असायचा. मजुरी कमी दिली, भाकरीची सुट्टी उशिरा दिली की दुपारनंतरच्या गाण्यात मालकाचं नाव गुंफलेलं यायचं. तोंडावर बोलायची सोय नव्हती, गाण्यात होती. मालकाने धुऱ्यावर उभं राहून ते ऐकायचं आणि हसून घ्यायचं, अशी रीत. दुसऱ्या दिवशी सुट्टी वेळेवर व्हायची.

पहिल्या दिवशी माझ्या रेडिओचं सगळ्यांना कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी गाणं आणि रेडिओ एकमेकांत अडकू लागले. तिसऱ्या दिवशी कोणी गाणं उचललंच नाही. माय त्या ओळीत होती. ती वाकल्या वाकल्याच म्हणाली, “ते बंद कर ना रे बाबू. आमाले गाना म्हनू दे.”

मी म्हटलं, “अवं माय, याच्यात तुज्यापेक्षा चांगले गाने लागतात.”

त्या घडीला रेडिओवर लोकगीतंच लागली होती. कोणी एक शिकलेली बाई बासरीच्या साथीवर शेतातल्या बायांचं गाणं म्हणत होती, आणि शेतातल्या बाया गप्प राहून ते ऐकत होत्या. मला त्यात काही चुकीचं दिसलं नाही. मी एकोणीस वर्षांचा होतो, दहावी शिकलेला, आणि चांगलं काय ते मला शाळेने आणि रेडिओने शिकवलं होतं. माय पुन्हा काही बोलली नाही. त्या वर्षी कोणाच्याच गाण्यात माझं नाव आलं नाही. मला ते बरंच वाटलं.

पुढच्या वर्षी दोन धुऱ्यांवर रेडिओ आले. मग टेप आले. मग रोवणा गुत्त्याने जाऊ लागला, बाहेरगावच्या टोळ्या येऊ लागल्या. त्यांना एकराचा दर, त्यामुळे गाण्यापेक्षा घाई. मधल्या काळात आमच्या भागात रात्री बाहेर पडणंही कमी झालं. सगळं पाप रेडिओच्या माथी मारणं बरोबर नाही. पण पहिला दगड कोणी काढला ते मला माहीत आहे, कारण तो माझ्याच हातात होता.

माझा पुतण्या नागपूरला नोकरीला आहे. त्याला मी हे सांगितलं तेव्हा त्याने मोबाईलवर शोधून मला अमेरिकेची एक गोष्ट वाचून दाखवली. तिथे टेनेसी राज्यात नॅशव्हिल गावी डब्ल्यू.एस.एम. नावाचं केंद्र एका विमा कंपनीने काढलं. २८ नोव्हेंबर १९२५ ला तिथे जिमी थॉम्पसन नावाच्या ७७ वर्षांच्या म्हाताऱ्याला सारंगीसारखं त्यांचं फिडल वाजवायला बसवलं. त्यातून शनिवारी रात्रीचा एक कार्यक्रम निघाला, ‘ग्रँड ओल ऑप्री’, तो आजही चालू आहे. समोर माणसं बसलेली, गावचे गवय्ये येऊन गातात, आणि ते रेडिओवर जातं. त्यांच्या गावाकडच्या संगीताची अख्खी पेठ त्या गावात वसली. पुतण्या म्हणाला, बघा काका, तिकडे कसं केलं. मी म्हटलं, पुढे वाच. पुढे होतं की कार्यक्रमवाल्याने गवय्यांना शहरातल्या कपड्यांऐवजी शेतावरचे कपडे घालायला लावले, मंडळ्यांना गंमतीची गावठी नावं दिली. आणि डीफोर्ड बेली नावाचा बाजा वाजवणारा काळा कलावंत, जो सुरुवातीपासून त्यात होता, त्याला १९४१ साली काढून टाकलं. म्हणजे तिकडेही तेच. गावाला बोलावलं, पण गाव कसं दिसावं ते केंद्राने ठरवलं. मात्र एक गोष्ट त्यांनी बरी केली. समोर माणसं बसवली. माझ्या मोठेबांना तेवढंच हवं होतं.

आपल्याकडे ताकद कमी नव्हती. १८ मे १९८८ ला आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली ती नागपूरच्या १००० किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून. रात्रभर देशभर ऐकू जायची. २०१९ साली ती वाहिनी बंद झाली. आमच्या विदर्भात एवढा मोठा भोंगा उभा होता की अर्धा देश ऐकेल, पण शंभर कोसांवरच्या रोवण्याचा आवाज त्यात शिरायला वाट नव्हती. यंत्र एकाच बाजूचं. बोलायचं तिकडून, ऐकायचं इकडून.

१९९५ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आकाशातल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. त्यानंतर, २००६ पासून, गावातल्या संस्थांनाही छोटं केंद्र काढायची वाट मोकळी झाली. २००८ साली तेलंगणातल्या माचनूरला दलित बायांनी संघम रेडिओ सुरू केला. त्याच साली आपल्या साताऱ्याच्या म्हसवडला माणदेशी तरंग सुरू झालं. आणि आमच्या शेजारी छत्तीसगडात २०१० पासून सीजीनेट स्वर आहे. तिथे केंद्रच नाही. मोबाईलवरून नंबर लावायचा, आपलं गाऱ्हाणं किंवा गाणं बोलून ठेवायचं, दुसऱ्याने ते ऐकायचं. गोंडीत बोललं तरी चालतं. ज्या ढोलाला दोन्ही केंद्रांनी जागा दिली नाही तो साध्या बटणांच्या मोबाईलमधून वाजला. किलोवॉट मोजून गावाचा रेडिओ ठरत नाही, हे यातून मला पटलं. एवढंच बघायचं की तो लावल्यावर ऐकणाऱ्याचं तोंड मिटतं की उघडतं.

ह्या मापाने मोजलं तर माझा ट्रान्झिस्टर नापास आहे. आणि त्याला धुऱ्यावर टांगणाराही.

२०१६ साली माय ऐंशीच्या घरात होती. मी मोबाईल घेऊन तिच्या खाटेजवळ बसलो. म्हटलं, माय, रोवण्याचे गाणे सांग. तिला प्रत्येकाची पहिली ओळ आठवे, दुसरी आठवेना. चिडली. म्हणाली, “चिखलात पाय नाई, हातात पऱ्हे नाई, गाना कोठून येईन?” मग जुलैत मी तिला खुर्चीत बसवून दोघा पोरांकडून धुऱ्यावर नेलं. बांधीत गुत्त्याची टोळी होती. एकीच्या कमरेला मोबाईल वाजत होता. मी तो बंद करायला सांगितला. त्यांना वाटलं मालक रागावला. मी म्हटलं, नाही, माझी माय गाणार आहे. मायने पऱ्ह्यांची एक जुडी मागून मांडीवर घेतली, बोटांनी एकेक काडी सोडवत राहिली आणि गाणं आलं. दीड गाणं आलं. अर्ध्यात खोकला आला. टोळीतल्या एका वयस्क बाईने ते ओळखलं आणि पुढची ओळ झेलली. बाकीच्या पोरींना ते येत नव्हतं, त्या हसत होत्या.

ते साडेसहा मिनिटांचं मुद्रण माझ्याकडे आहे. खोकला आहे, चिखलाचा आवाज आहे, दूर कोणाचा ट्रॅक्टर आहे. कुठल्याही केंद्राच्या परीक्षेत ते पास होणार नाही. माय त्याच्या पुढच्या वर्षी गेली.

ऐकताना एक गोष्ट फार उशिरा माझ्या लक्षात आली. दुसऱ्या गाण्यात, जिथे खोकला येतो त्याच्या आधीच्या ओळीत, माझं नाव आहे. रीतीप्रमाणे मालकाचं नाव गुंफलेलं. सुट्टी उशिरा देतो म्हणून टोमणा मारलेला आहे.

दर रोवण्याला आता मी टोळीला सांगतो, तासभर मोबाईल बंद ठेवा, चहा माझ्याकडून. त्या चहा घेतात आणि गप्पा मारतात. गाणं अजून कोणी उचललं नाही. मागल्या वर्षी मात्र ती वयस्क बाई पुन्हा आली होती. तिने मला अकरा ओळी सांगितल्या. मी त्या वहीत उतरवल्या, ‘पानी’ला ‘पानी’ आणि ‘डोरा’ला ‘डोरा’ लिहून.